पहाटे चारपर्यंत टेनिस नको : ऑस्ट्रेलियन ओपनच्या संयोजकांना खुले पत्र

प्रति,
टेनिस ऑस्ट्रेलिया आणि ऑस्ट्रेलियन ओपनचे संयोजक,
मेलबर्न पार्क, मेलबर्न.

विषय : पहिल्या तीन फेऱ्यांचे सामने पहाटेपर्यंत लांबू न देण्याबाबत.

स.न.वि.वि.

तुमची स्पर्धा आमच्याकडे संक्रांतीच्या सुमारास सुरू होते. जानेवारीत मेलबर्न आमच्यापेक्षा साडेपाच तास पुढे असतं. तुमचे सकाळी अकराचे सामने आम्ही पहाटे साडेपाचला, पहिल्या चहाबरोबर बघतो. संध्याकाळी सातला सुरू होणारं तुमचं रात्रीचं सत्र इथे दुपारी दीडला लागतं. आणि तुमच्याकडे पहाटेचे चार वाजतात, तेव्हा पुण्यात रात्रीचे साडेदहा झालेले असतात. जेवणं आटोपलेली, ओटा आवरलेला, घरातली सगळी टीव्हीपुढे. म्हणजे जो सामना खुद्द मेलबर्नच्या माणसाला दुसऱ्या दिवशीच्या कामावर पाणी सोडल्याशिवाय बघता येत नाही, तो आम्हाला अगदी निवांत बघता येतो.

पहाटेपर्यंत चालणाऱ्या तुमच्या टेनिसची सगळ्यात चांगली सोय आमची होते, म्हणूनच हे पत्र आमच्याकडून जायला हवं असं मला वाटलं. तुमच्या प्रक्षेपणाच्या गणितात भारतातल्या प्रेक्षकांची सोय कुठे धरलेली असेल, तर ती खुशाल वजा करा. आमची काही तक्रार राहणार नाही. उलट आम्हाला बरंच वाटेल.

मागणी आधीच सांगते. पहिल्या तीन फेऱ्यांत रात्री अकरानंतर कुठलाही नवा सामना सुरू करू नका. चालू असलेला सामना रात्री एक वाजता, चाललेला सेट संपला की थांबवा आणि दुसऱ्या दिवशी पुढे खेळवा. चेंडू उचलणाऱ्या मुलांना अकरा वाजता घरी पाठवा. हे का म्हणते, ते सविस्तर लिहिते.

2023 सालची ती गुरुवारची रात्र तुम्हाला आठवत असेलच. मार्गारेट कोर्ट अरीनावर अँडी मरे विरुद्ध थनासी कोकिनाकिस, पुरुष एकेरीची दुसरी फेरी. सामना सुरूच झाला रात्री सव्वादहानंतर. मरे पस्तीस वर्षांचा, खुब्यात धातूचा सांधा बसवलेला, आणि दोनच दिवसांपूर्वी पहिल्या फेरीत मातेओ बेरेत्तिनीशी पावणेपाच तासांहून जास्त खेळून आलेला. कोकिनाकिस घरचा मुलगा, प्रेक्षक त्याच्या बाजूने. पहिले दोन सेट त्याने घेतले, तिसऱ्यात 5-2 अशी आघाडी घेतली. इथे आम्ही म्हणालो, संपलं आता. पण संपलं नाही. त्याच तिसऱ्या सेटमधला एक गुण माझ्या अजून डोळ्यांपुढे आहे. कोकिनाकिस नेटजवळ उभा राहून एकामागून एक स्मॅश मारतोय, मरे बेसलाइनच्याही बराच मागे, या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात धावत प्रत्येक चेंडू कसाबसा परत टाकतोय, आणि शेवटी कोकिनाकिसचाच चेंडू जाळीत जातो. आमच्या शेजारच्या घरातूनही त्या क्षणी आरडाओरडा ऐकू आला. 4-6, 6-7, 7-6, 6-3, 7-5. पाच तास पंचेचाळीस मिनिटं. मरेच्या कारकिर्दीतला हा सगळ्यात लांब सामना, आणि तो संपला तेव्हा मेलबर्नमध्ये पहाटेचे चार वाजून पाच मिनिटं झाली होती.

त्या सामन्याचं कौतुक सगळ्या जगाने केलं. तुमच्या वाहिन्यांवर त्याची क्षणचित्रं अजूनही दाखवतात. पण तीनच्या सुमारास मरे पंचांना काय सांगत होता, तेही त्याच सामन्याचा भाग आहे. त्याची स्वच्छतागृहाची विश्रांती वापरून झाली होती, नियमाप्रमाणे त्याला पुन्हा जाता येत नव्हतं. त्याने नियम मोडला नाही. पण पहाटे तीन-चारपर्यंत आम्हाला इथे उभं करायचं आणि लघवीलाही जाऊ द्यायचं नाही, हा खेळाडूंचा आणि चेंडू उचलणाऱ्या या मुलांचाही अपमान आहे, असं तो म्हणाला. सामन्यानंतरही तो स्वतःबद्दल कमी आणि इतरांबद्दल जास्त बोलला. माझं मूल बॉल किड, म्हणजे चेंडू उचलणारं मूल, असतं आणि पहाटे पाचला घरी आलं असतं, तर पालक म्हणून मी भडकलो असतो, अशा अर्थाचं त्याचं बोलणं होतं. आपल्याला जेमतेम तीन तास झोप मिळाली, असं त्याने नंतर सांगितलं. शनिवारी तिसऱ्या फेरीत रॉबेर्तो बॉतिस्ता आगूतने त्याला चार सेटमध्ये हरवलं. आगूत चांगलाच खेळाडू आहे, त्याच्या विजयाला मी बोट लावत नाही. पण त्या शनिवारी दोघं सारख्या तयारीने कोर्टवर उतरले होते, असं कुणी म्हणू शकेल का?

ही काही एकदाच घडलेली गोष्ट नाही. 2008 च्या तिसऱ्या फेरीत लेटन ह्युइट आणि मार्कोस बगदातिस यांचा सामना मध्यरात्रीला काही मिनिटं कमी असताना सुरू झाला, कारण त्याआधी त्याच कोर्टवर रॉजर फेडरर आणि यांको टिप्सारेविच यांचा पाचवा सेट 10-8 पर्यंत गेला होता. ह्युइट जिंकला, पहाटे साडेचारनंतर. पुढच्या फेरीत नोव्हाक जोकोविचने त्याला सरळ तीन सेटमध्ये घरी पाठवलं. त्या रात्रीनंतर मरेच्या रात्रीपर्यंत पंधरा वर्षं गेली. एवढ्या काळात तुम्ही छतं बांधलीत, नवी स्टेडियम उभारलीत, रेषेवरच्या पंचांऐवजी कॅमेरे आणलेत. एक घड्याळ तेवढं कुणी लावलं नाही.

2024 पासून तुम्ही स्पर्धा रविवारी सुरू करू लागलात, चौदा दिवसांचे पंधरा केलेत. रात्री लांबणारे सामने कमी व्हावेत, हे त्याचं कारण तुम्हीच दिलं होतं. मला ते ऐकून मनापासून आनंद झाला होता. पहिल्या फेरीचे एकेरीचे 128 सामने दोनऐवजी तीन दिवसांत विभागले, रॉड लेव्हर आणि मार्गारेट कोर्ट अरीनावर दिवसाच्या सत्रात तीनऐवजी दोन सामने ठेवले. हे बदल चांगले आहेत, ते मागे घेऊ नका. पण त्याच वर्षी, त्याच पहिल्या रविवारी काय झालं? जोकोविचला पात्रता फेरीतून आलेल्या अठरा वर्षांच्या दिनो प्रिझमिचने चार तास झुंजवलं. तो सामना संपेपर्यंत गतविजेती आर्यना सबालेंका वाट बघत बसली होती. तिचा सामना रात्री अकरा वाजून गेल्यावर सुरू झाला. ती 6-0, 6-1 अशी तासाभराच्या आत जिंकली, म्हणून साडेबाराच्या आसपास सगळे मोकळे झाले. तिची प्रतिस्पर्धी थोडी टिकली असती तर?

त्याच आठवड्यात गुरुवारी त्याचंही उत्तर मिळालं. एलेना रिबाकिना आणि अ‍ॅना ब्लिंकोव्हा यांचा तिसऱ्या सेटचा टायब्रेकर, म्हणजे सेट बरोबरीत आल्यावरचा निर्णायक डाव, 22-20 असा गेला. ग्रँड स्लॅमच्या महिला एकेरीतला आजवरचा सगळ्यात लांब टायब्रेकर, बेचाळीस गुणांचा. अशा सामन्याला कुणी लांबला म्हणून नावं ठेवू नयेत, तो बघायला मिळणं हे भाग्य. पण त्यानंतर त्याच कोर्टवर डॅनिल मेदवेदेव आणि एमिल रूसुव्होरी यांना पुरुषांचा पाच सेटचा सामना सुरू करायला लावणं, हा निर्णय कुणाचा? तो सामना पहाटे तीन वाजून एकोणचाळीस मिनिटांनी संपला. दोन सेट मागे पडून मेदवेदेव जिंकला आणि उरलेल्या मूठभर लोकांना म्हणाला की तुमच्या जागी मी असतो तर केव्हाच घरी गेलो असतो. दीड आठवड्यानंतर अंतिम सामन्यात तो यानिक सिनरविरुद्ध दोन सेट पुढे असताना हरला. त्या पंधरवड्यात तो चोवीस तासांहून जास्त काळ कोर्टवर होता. अंतिम फेरीतला पराभव त्या एका रात्रीमुळे झाला, असं मी म्हणणार नाही. सिनर फार सुंदर खेळला. पण पहिल्या आठवड्यात जागवलेली रात्र शरीर विसरत नाही, हे खेळ शिकवणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे.

आणि म्हणूनच मी पहिल्या तीन फेऱ्यांचंच बोलते आहे. उपांत्य आणि अंतिम सामने तुम्ही नीट सांभाळता. त्यांना वेळ असते, विश्रांती असते, सगळ्या जगाचं लक्ष असतं. पहिल्या आठवड्यात मात्र सगळ्या कोर्टवर एकदम गर्दी असते, एका दिवसाआड सामना असतो, आणि ज्याची सगळ्या वर्षाची कमाई या दोन-तीन सामन्यांवर ठरते असा खेळाडू याच फेऱ्यांत खेळत असतो.

आमचा सुमित नागलच घ्या. 2024 साली तो जागतिक क्रमवारीत 137 वा होता. पात्रता फेरीचे तीन सामने जिंकून मुख्य फेरीत आला. त्याआधी काही महिन्यांपूर्वी आपल्या बँकेत नऊशे युरो उरले आहेत, असं त्याने मुलाखतीत सांगितलं होतं. तुमच्याकडे मंगळवारी त्याने 31 वा मानांकित अलेक्झांडर बुब्लिकला 6-4, 6-2, 7-6 असं हरवलं. ग्रँड स्लॅमच्या एकेरीत भारतीय पुरुषाने मानांकित खेळाडूला हरवण्याची ही 35 वर्षांतली पहिली वेळ. त्याआधी 1989 मध्ये तुमच्याच मेलबर्नमध्ये रमेश कृष्णनने दुसऱ्या फेरीत तेव्हाचा अव्वल खेळाडू आणि गतविजेता मॅट्स विलँडरला गारद केलं होतं. आमच्या पिढीतल्या टेनिसवेड्यांना तो निकाल तोंडपाठ आहे. हे दोन्ही विजय पहिल्या आठवड्यातलेच. नागल मंगळवारी जिंकला आणि गुरुवारी पुन्हा कोर्टवर होता. मध्ये एकच दिवस. त्या एका दिवसात अंग मोकळं करून घ्यायचं, जेवायचं, झोपायचं, सराव करायचा, पुढच्या प्रतिस्पर्ध्याचा अभ्यास करायचा. मोठ्या खेळाडूच्या दिमतीला फिजिओ असतो, स्वयंपाकी असतो, प्रशिक्षकांचा ताफा असतो. क्रमवारीत शंभराच्या पलीकडे असलेल्या खेळाडूकडे बहुतेक वेळा यातलं एखादंच माणूस असतं. पहाटे चारला सामना संपला, तर त्यानंतर पत्रकार परिषद, बर्फाचं पाणी, मालिश, कधी उत्तेजक चाचणी. सूर्य उगवल्यावर त्याची पाठ अंथरुणाला लागते. असा खेळाडू त्या एका दिवसात काय सावरणार?

आता मुलांबद्दल. यासाठी मला थोडं स्वतःविषयी लिहावं लागेल. मी पुण्यातल्या एका शाळेत क्रीडाशिक्षिका आहे. तेरा-चौदा वर्षांच्या मुलामुलींना घेऊन आंतरशालेय आणि जिल्हास्तरीय स्पर्धांना जाणं, हे माझं वर्षानुवर्षांचं काम. या कामात पालकांच्या संमतीपत्रावर सही घेण्याइतकाच पक्का एक नियम असतो, तो कागदावर कुठेच नसतो : शेवटचं मूल घरी पोचल्याचा फोन येईपर्यंत शिक्षकाने झोपायचं नाही. संध्याकाळचा सामना लांबला तर मी आयोजकांशी भांडते. अंधार पडल्यावर खो-खोचा शेवटचा डाव राहिला तरी चालेल, मुलांना बसमध्ये बसवा, असं मी कितीतरी वेळा म्हटलं आहे. या सवयीमुळे माझं लक्ष तुमच्या कोर्टवर खेळाडूंआधी त्या मुलांकडे जातं.

बारा ते पंधरा वर्षांची मुलं. जाळीच्या दोन्ही टोकांना गुडघा टेकून, पंजावर जोर देऊन बसलेली. चेंडू जाळीत अडकला की खेळाडू वळायच्या आत एकजण सुसाट धावत येऊन तो उचलते आणि पलीकडच्या बाजूला जाऊन तशीच बसते. चेंडू फेकायचा नाही, जमिनीलगत सरळ रेषेत सरकवायचा, म्हणजे पुढच्याच्या हातात तो अलगद येतो. मागच्या भिंतीशी उभ्या असलेल्यांचा एक हात वर, हातात चेंडू, नजर सर्व्हिस करणाऱ्याच्या खांद्यावर. खेळाडूने नुसती मान हलवली की एक टप्पा देऊन चेंडू त्याच्याकडे. यात एका सेकंदाची चूक झाली तरी हजारो लोकांसमोर मान खाली जाते. मोठ्या माणसांनाही इतकं लक्ष तासन्‌तास टिकवता येत नाही. 2020 च्या स्पर्धेसाठी भारतातून निवडलेली मुलंही तुमच्या कोर्टवर चेंडू उचलत होती. त्यांचे फोटो पाहून माझ्या शाळेतल्या मुली महिनाभर मैदानावर चेंडू जमिनीलगत सरकवण्याचा सराव करत होत्या.

ही मुलं पाळीपाळीने काम करतात, त्यांना विश्रांती देता, खाऊपिऊ घालता, हे मी जाणते. तुमच्या व्यवस्थेत कळकळ नाही असं माझं म्हणणं नाही. पण रात्री दोन वाजता कोर्टवर बारा-तेरा वर्षांचं मूल असणं, ही गोष्ट कितीही चांगली व्यवस्था केली तरी बरोबर ठरत नाही. मूल स्वतः कधीच म्हणणार नाही की मला घरी जायचंय. त्याला तर पहाटेपर्यंत थांबायचंच असतं. मरेसाठी चेंडू उचलला, हे ते आयुष्यभर सांगेल. अशा वेळी नाही म्हणण्याचं काम मोठ्यांचं. ते काम तुमचं आहे. आईबापांकडून सही घेतली म्हणून ते तुमच्याकडून सुटत नाही.

तुमच्या अडचणी मला दिसतात. जानेवारीत मेलबर्नचा पारा चाळिशीच्या वर जातो. उष्णतेची पातळी ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेली की बाहेरच्या कोर्टवरचे सामने थांबवावे लागतात. 2023 साली तर एकाच दिवशी आधी उन्हाने आणि मग पावसाने खेळ थांबला आणि सगळं वेळापत्रक कोलमडलं. संध्याकाळचं टेनिस म्हणूनच हवं. रॉड लेव्हर अरीनावर दिव्यांच्या उजेडात, दिवसाचा ताप ओसरल्यावर रंगणारा सामना ही तुमच्या स्पर्धेची शान आहे, आणि ती काढून घ्या असं म्हणणारी मी नव्हे. सात वाजताच्या टेनिसला माझा विरोध नाही. विरोध आहे तो रात्री सव्वाअकराला पाच सेटचा सामना सुरू करण्याला.

काही जण सुचवतात की पहिल्या फेऱ्या पुरुषांसाठीही तीन सेटच्या करा, म्हणजे प्रश्नच मिटेल. कृपा करून हे करू नका. मरे दोन सेट आणि 5-2 असा मागे होता. तीन सेटचा सामना असता तर तो बारा-साडेबारालाच गाशा गुंडाळून घरी गेला असता आणि आपण सगळेच एका मोठ्या गोष्टीला मुकलो असतो. बिनमानांकित खेळाडू मोठ्याला दोन सेट हैराण करतो, मग मोठा खेळाडू सावरतो, मग पाचव्यात कुणाचं काय होईल सांगता येत नाही, ही तर ग्रँड स्लॅमच्या पहिल्या आठवड्याची गंमत. खेळ कापू नका. घड्याळ बदला.

थांबवलेल्या सामन्याचंही दुःख असतं, हे कबूल. विम्बल्डनला 2009 मध्ये सेंटर कोर्टवर छत आलं, तेव्हापासून तिथल्या मर्टन पालिकेच्या अटीमुळे रात्री अकराला खेळ बंद होतो. 2023 च्या जुलैत तिथे हाच मरे दुसऱ्या फेरीत स्तेफानोस त्सित्सिपासविरुद्ध दोन सेट विरुद्ध एक असा पुढे होता. पावणेअकराच्या सुमारास सामना थांबवला गेला. दुसऱ्या दिवशी तो पाच सेटमध्ये हरला. प्रेक्षक हळहळले, मीही हळहळले. रात्री लय सापडली होती, ती दुसऱ्या दिवशी सापडली नाही. पण त्या रात्री दोघेही झोपले, बॉल किड्स झोपले, पंच झोपले, आणि दुसऱ्या दिवशी तोच सामना भरलेल्या सेंटर कोर्टसमोर संपला. मला हा तोटा मान्य आहे. 2012 मध्ये तर मरेचा तिसऱ्या फेरीचा सामना अकरा वाजून दोन मिनिटांनी संपला होता. दोन मिनिटं जास्त चालू दिली, कुणी आकाशपाताळ एक केलं नाही. त्या रात्री मरेसमोर होता तोच बगदातिस, जो चार वर्षांपूर्वी तुमच्याकडे पहाटे साडेचारनंतर हरून बाहेर पडला होता.

घड्याळाशी जुळवून घेताना काय गमावतं आणि काय राहतं, हे आम्हा पुणेकरांनी अनुभवलं आहे. आमचा सवाई गंधर्व संगीत महोत्सव पूर्वी रात्रभर चालायचा. अंगावर शाली, थर्मासमध्ये कॉफी, आणि पहाट फुटताना मंचावरून येणारे ललत-तोडीचे सूर. मग ध्वनिवर्धकांवर रात्री दहाची मर्यादा आली. जुन्या रसिकांना वाटलं, आता महोत्सवाचा प्राणच गेला. पहाटेचे राग त्या वेळी ऐकण्याचं सुख खरोखरच गेलं, त्याची हळहळ आजही आहे. पण महोत्सव दुपारपासून सुरू होऊ लागला, दिवस वाढले, आणि मंडप आजही खच्चून भरतो. लहान मुलांना घेऊन आईबाप येतात, वयस्कर माणसं येतात, ज्यांना रात्रभर बसणं कधीच शक्य नव्हतं ती येतात. तुमच्याकडे तर रागाची वेळ आडवी येत नाही. फोरहँड रात्री नवालाही तेवढाच सुंदर दिसतो.

पैशांचा मुद्दा मी टाळत नाही. एकाच कोर्टवर दिवसाचं वेगळं आणि रात्रीचं वेगळं तिकीट विकलं जातं, आणि रात्रीचं प्रक्षेपण ऑस्ट्रेलियातल्या घराघरांत जेवणाच्या वेळी जातं. रात्रीच्या तिकिटात दोन सामने दाखवायचं तुम्ही कबूल केलेलं असतं, आणि ते पाळण्यासाठी दुसरा सामना कितीही उशिरा का होईना, सुरू करता. पण जो सामना मेदवेदेवच्या सांगण्याप्रमाणे त्याने स्वतःही थांबून पाहिला नसता, तो दाखवून तिकीट काढणाऱ्याला काय मिळालं? आठवड्याच्या मधल्या रात्री पहाटे चारला तो मेलबर्नमध्ये घरी कसा जातो? 2024 मध्ये तुमच्या मुख्य स्पर्धेला पहिल्यांदाच दहा लाखांहून जास्त प्रेक्षक आले. एवढ्या भरभराटीच्या स्पर्धेला एखादा सामना दुसऱ्या कोर्टवर हलवणं किंवा काही प्रेक्षकांना दुसऱ्या दिवसाचा प्रवेश देणं परवडणार नाही, हे मला पटत नाही.

उपाय नव्याने शोधायचीही गरज नाही. 2024 च्या जानेवारीत एटीपी (पुरुष टेनिस) आणि डब्ल्यूटीए (महिला टेनिस) या दोन्ही संघटनांनी आपल्या स्पर्धांसाठी नियम केला : रात्री अकरानंतर सामना सुरू करायचा नाही, साडेदहापर्यंत कोर्टवर न आलेला सामना दुसऱ्या कोर्टवर हलवायचा. अपवादाला परवानगी लागते. हा नियम ग्रँड स्लॅमना लागू नाही, म्हणून तुम्ही त्यातून मोकळे आहात. पण तुमच्याइतकी साधनं दुसऱ्या कुणाकडे आहेत? रॉड लेव्हर, मार्गारेट कोर्ट आणि जॉन केन, सरकत्या छताची तीन स्टेडियम एकाच आवारात. एका कोर्टवर सामना लांबला तर दुसरं हाकेच्या अंतरावर. न्यूयॉर्कच्या यूएस ओपनमध्येही 2022 साली कार्लोस अल्काराझ आणि सिनर यांचा उपांत्यपूर्व सामना पहाटे तीनला दहा मिनिटं कमी असताना संपला, म्हणजे हे दुखणं तुमच्या एकट्याचं नाही. तरी सुरुवात तुम्ही करावी असं मला वाटतं, कारण खेळाडू तुमच्या स्पर्धेचं नाव प्रेमाने घेतात आणि वर्षाची पहिली ग्रँड स्लॅम तुमची असते.

एक धोका मात्र आताच सांगून ठेवते. रात्रीच्या सत्रात एकच सामना ठेवायचं ठरवलंत, तर पॅरिसचा कित्ता गिरवू नका. तिथल्या रोलां गारोसला, म्हणजे फ्रेंच ओपनला, 2021 पासून रात्री एकच सामना असतो, आणि 2024 आणि 2025 या दोन्ही वर्षी त्या सत्रात महिलांचा एकही सामना ठेवला गेला नाही. शिवाय एकच सामना असूनही 2024 मध्ये जोकोविच आणि लोरेंझो मुसेत्ती यांची तिसरी फेरी पहाटे तीननंतर संपली, कारण आधीचा पावसात रखडलेला सामना तिथेच आणून उरकला गेला. तुम्ही आजवर रात्रीच्या सत्रात महिलांना आणि पुरुषांना बरोबरीने जागा देत आला आहात. ती बरोबरी तशीच राहू द्या. एका रात्री महिलांचा सामना, दुसऱ्या रात्री पुरुषांचा, असंही करता येईल. नाहीतर दोन्ही ठेवा आणि सत्र सातऐवजी सहाला सुरू करा. त्या एका तासाने फार फरक पडेल.

पुढच्या स्पर्धेची सोडत निघण्याआधी हा नियम लेखी जाहीर व्हावा, एवढी विनंती आहे. सामना लांबत असताना त्या रात्री निर्णय घ्यायचा म्हटलं, तर समोरची गर्दी, वाहिनी, खेळाडूंचे प्रशिक्षक सगळे एकदम कानाशी लागतात, आणि कुठलाही संयोजक अशा वेळी खेळ चालूच ठेवणार. नियम आधीच कागदावर असला तर पंचाला फक्त घड्याळ दाखवायचं असतं. मुलांच्या वेळेचा नियमही त्याच कागदावर असावा आणि तो पालकांनाही दिला जावा.

मेलबर्नमध्ये मराठी घरं आता पुष्कळ आहेत. त्यांतलं कुणीतरी हे पत्र तुमच्या कार्यालयापर्यंत पोचवेल आणि त्यातलं म्हणणं तुम्हाला समजावून सांगेल, अशी आशा आहे. तिथल्या वाचकांना माझी वेगळी विनंती : तुमच्यापैकी कुणाची मुलं-मुली बॉल किड म्हणून निवडली गेली असतील, तर संमतीपत्रावर सही करण्याआधी रात्रीची शेवटची पाळी किती वाजता संपते, हे जरूर विचारा, आणि मिळालेलं उत्तर लेखी मागा.

तुमच्या उत्तराची वाट पाहते.

कळावे,

आपली नम्र,
एक क्रीडाशिक्षिका
पुणे